रुद्रेश महंतप्पा यांचा सॅक्सोफोन कसा ऐकावा: ख्यालगायकीवर कान घडलेल्या नवख्या श्रोत्यासाठी

जॅझ सॅक्सोफोनवादक रुद्रेश महंतप्पा यांचे 'किन्समेन' हे ध्वनिमुद्रण मी पहिल्यांदा डोंबिवलीच्या लोकलमध्ये, मोबाइलला जोडलेल्या स्वस्त इअरफोनवर ऐकले आणि चौथ्या मिनिटाला बंद केले. नाव कन्नड वळणाचे, सोबत सॅक्सोफोनवर कर्नाटक संगीत वाजवणारे कद्री गोपालनाथ, म्हणून मी राग शोधत बसलो होतो. राग हाताशी येतो न येतो तोच कोणीतरी त्याला सोडून भलत्या स्वरावर उभे राहत होते, आणि समेची म्हणून जी जागा मी धरली होती तिथे ड्रमवाला काही वेगळेच सांगत होता. हे वाद्य आपल्यासाठी नाही, असा निष्कर्ष काढून मी दोन वर्षे त्या वाटेला गेलो नाही. चूक ध्वनिमुद्रणाची नव्हती, माझ्या ऐकण्याच्या क्रमाची होती. मी शेवटची पायरी आधी चढायला गेलो होतो. पुढे जो क्रम दिला आहे तो मला चाचपडत सापडला, आणि ज्यांचे कान ख्याल, ठुमरी, नाट्यसंगीत यांवर घडले आहेत त्यांना तो उपयोगी पडेल.

थोडी ओळख आधी करून देतो. महंतप्पा यांचा जन्म १९७१ चा, इटलीतील त्रिएस्ते येथला. ते वाढले अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यातील बोल्डर या गावी, जिथे त्यांचे वडील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. त्यांचे वाद्य ऑल्टो सॅक्सोफोन (सॅक्सोफोनचा एक प्रकार, पुढे नुसते 'ऑल्टो'). बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात आणि शिकागोच्या डीपॉल विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले, आणि २०१६ पासून ते प्रिन्स्टन विद्यापीठाच्या जॅझ विभागाचे संचालक आहेत. थोडक्यात, ते घरचे कर्नाटक संगीत घेऊन जॅझमध्ये आलेले नाहीत. ते अमेरिकन जॅझमध्ये वाढले आणि कर्नाटक संगीताकडे मोठेपणी, अभ्यासाने गेले. हा क्रम लक्षात न ठेवल्यामुळेच बहुतेकांची पहिली फसगत होते.

लागणारे साहित्य

फार काही लागत नाही, पण जे लागते ते टाळू नये.

– कान पूर्ण झाकणारा साधा, तारेचा हेडफोन. मोबाइलच्या स्पीकरवर डबल बेस या खर्जातल्या मोठ्या तंतुवाद्याचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो, आणि ठेका धरून ठेवणारे मुख्य वाद्य तेच असते. बेस ऐकू न येता जॅझ ऐकणे म्हणजे तबल्याचा बायाँ काढून टाकून ख्याल ऐकण्यासारखे आहे.
– वही आणि पेन्सिल. मात्रा मोजताना खुणा करायला.
– स्वर न बदलता वेग कमी करू देणारे कोणतेही ॲप.
– ही ध्वनिमुद्रणे: चार्ली पार्कर यांचे १९४५ चे 'नाउज द टाइम', महंतप्पा यांची 'बर्ड कॉल्स' (२०१५), 'किन्समेन' (२००८), 'आप्ती' (२००८) आणि 'हीरो ट्रायो' (२०२०). 'मदर टंग' (२००४) आणि 'अग्रिम' (२०१७) मागाहून मिळवली तरी चालतील.
– शक्य असल्यास सीडीसोबतची पुस्तिका, कारण ऑनलाइन सेवांवर साथीदारांची नावे बहुधा दिसत नाहीत.

१. आधी फक्त आवाज ओळखावा

पहिल्या आठवड्यात राग, ताल, रचना यांपैकी कशाचाही विचार करू नये. फक्त वाद्याचा पोत ओळखावा.

आपल्यापैकी बहुतेकांनी ऑल्टो सॅक्सोफोन आधीच ऐकलेला असतो, फक्त त्याचे नाव ठाऊक नसते. 'काश्मीर की कली' (१९६४) मधील 'है दुनिया उसी की' या गाण्यात मनोहारी सिंह यांनी जे वाद्य वाजवले आहे ते हेच. ते गाणे लावून सॅक्सोफोनच्या फक्त लांब स्वरांकडे लक्ष द्यावे. स्वर मऊ आहे, त्याच्याभोवती हवेचे अस्तर आहे, आणि स्वराचे शेवटचे टोक हलकेच थरथरते. लगेच 'हीरो ट्रायो' लावावे. तेच वाद्य, तेच पितळ, तीच वेताची रीड, पण इथे स्वर कोरडा, टोकदार आणि सरळ आहे. थरथर जवळजवळ नाही. स्वर सुरू होतानाच त्याला धार असते, तो कानात शिरतो आणि शिरल्यावर जागा सोडत नाही.

ही धार अनेकांना पहिल्यांदा खटकते, मलाही खटकली. पण सनई आठवावी. लग्नमंडपाबाहेर ऐकलेली सनईही कोमल नसते, ती हवा चिरत येते, आणि त्या चिरण्यातच तिचे मांगल्य असते. महंतप्पा यांच्या स्वराची जातकुळी मला तिथली वाटते. 'हीरो ट्रायो' मुद्दाम सुचवले, कारण त्यात पियानो नाही. फ्रांस्वा मूतां यांचा बेस, रूडी रॉयस्टन यांचे ड्रम आणि मध्ये उघडा पडलेला ऑल्टो एवढेच असल्यामुळे पोत झाकला जात नाही. त्यात स्टीव्ही वंडर आणि जॉनी कॅश यांची लोकप्रिय गाणीही आहेत, त्यामुळे चालीचा एखादा धागा हाती राहतो.

सापळा: 'जॅझ सॅक्सोफोन' असा शोध घेतल्यावर पावसाच्या आवाजासह झोप आणणाऱ्या तासन्तासांच्या याद्या समोर येतात. त्या ऐकून कान तयार होत नाही, उलट मऊ आवाजाची सवय लागून खरा ऑल्टो कर्कश वाटू लागतो.

२. आवर्तन मोजायला शिकावे

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि सर्वांत जास्त वेळ हिलाच द्यावा. मी रोज अर्धा तास, असे जवळजवळ तीन आठवडे दिले.

चार्ली पार्कर (१९२०–१९५५) हे आधुनिक जॅझमधील ऑल्टोचे आद्य पुरुष. महंतप्पा यांचे सारे वादन त्यांच्याशी चाललेला संवाद आहे, त्यामुळे पार्कर यांना वगळून पुढे जाता येत नाही. त्यांचे 'नाउज द टाइम' निवडण्याचे कारण असे, की ते सुमारे तीन मिनिटांचे आहे, त्याची गती मध्य आहे, आणि त्याचा साचा बारा बारचा ब्लूज हा आहे, जो जॅझमधला सर्वांत रुळलेला ठेका म्हणता येईल.

एका बारमध्ये चार मात्रा. असे बारा बार, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचे एक आवर्तन, ज्याला ते लोक कोरस म्हणतात. वहीत चार-चार खणांच्या तीन ओळी काढाव्यात. प्रत्येक खण म्हणजे एक बार. पहिली ओळ षड्जावर उभी असते. दुसऱ्या ओळीचे पहिले दोन खण मध्यमावर, पुढचे दोन पुन्हा षड्जावर. तिसरी ओळ पंचमाकडून उतरत षड्जावर येऊन मिटते. आता ध्वनिमुद्रण लावून बोट खणांवरून फिरवावे. सुरुवातीची चाल म्हणजे एकच छोटा तुकडा पुन्हा पुन्हा, थोडा वाकवून वाजवलेला आहे, त्यामुळे पहिली दोन आवर्तने सहज सापडतात. तिसऱ्या आवर्तनापासून पार्कर यांची उपज सुरू होते आणि बोट घसरते. घसरू द्यावे, पुन्हा सुरुवात करावी.

इथे आपल्या कानाची खरी अडचण उघड होते. आपल्याकडे तानपुरा मैफल संपेपर्यंत हलत नाही. इथे दर आवर्तनात पाचव्या बारला जणू तानपुराच मध्यमावर सरकतो, मग परत येतो, मग पंचमाकडे वळतो. तोच गंधार पहिल्या बारमध्ये घरचा असतो आणि पाचव्या बारमध्ये पाहुणा होतो. ज्या स्वरांना मी लोकलमध्ये 'भलते' म्हणालो होतो, त्यांपैकी अर्धे स्वर भलते नव्हते. माझा षड्ज जिथल्या तिथे अडकून पडला होता आणि वाजवणाऱ्यांचा केव्हाच पुढे गेला होता. हे एकदा कानाला पटले की जॅझमधील निम्मी 'बेसूर' वाटणारी वाक्ये सुरात येतात.

उरलेली निम्मी मुद्दामच बाहेर वाजवलेली असतात. तो भाग पुढे येईल.

सापळा: याच रचनेचे पार्कर यांनी १९५३ मध्ये पुन्हा ध्वनिमुद्रण केले आहे आणि शोधल्यावर बहुधा दोन्ही सापडतात. ओळखण्याची खूण सोपी आहे. १९४५ च्या मुद्रणात माइल्स डेव्हिस यांचा ट्रम्पेट आहे, १९५३ च्या मुद्रणात ट्रम्पेट नाही. दोन्ही उत्तम आहेत, पण मोजायला शिकताना एकच धरावे.

३. पार्कर ऐकून झाल्यावरच 'बर्ड कॉल्स' उघडावे

पार्कर यांचे टोपणनाव 'बर्ड', म्हणून हे शीर्षक. या ध्वनिमुद्रणात पार्कर यांची एकही रचना जशीच्या तशी नाही, तरीही त्यातला मोठा भाग पार्कर यांच्यापासूनच काढलेला आहे. कुठे त्यांच्या चालीतले वा उपजेतले स्वर ठेवून लय मोडली आहे, कुठे लयीचा सांगाडा ठेवून स्वर बदलले आहेत. बंदिशीचे शब्द काढून तिचे वजन ठेवायचे, किंवा वजन बदलून शब्द ठेवायचे, असा हा खेळ आहे.

शीर्षकांपासून सुरुवात केली तर वाट सापडते, कारण त्यांत कोपरखळ्या आहेत. पार्कर म्हणतात 'नाउज द टाइम', म्हणजे 'आत्ताच वेळ आहे'. महंतप्पा यांच्या रचनेचे नाव 'मेबी लेटर', म्हणजे 'बघू पुढे कधीतरी'. पार्कर यांच्या 'कन्फर्मेशन'चे इथे 'शुअर व्हाय नॉट?' होते. 'डेक्स्टेरिटी' म्हणजे हस्तकौशल्य, त्याचे 'बोथ हँड्स'. 'डॉना ली'ची फक्त आद्याक्षरे 'ऑन द डीएल'मध्ये उरतात. 'स्टीपलचेस'चे 'गोपुरम' झाले आहे. स्टीपल म्हणजे चर्चचा उंच मनोरा, आणि त्याच्या जागी दक्षिणेतल्या देवळाचे गोपुर उभे राहिले. 'पार्कर्स मूड'च्या जागी 'तालिन इज थिंकिंग' आहे, आणि तालिन हे महंतप्पा यांच्या मुलाचे नाव आहे.

करायचे ते असे. पार्कर यांची एक रचना तीनदा ऐकावी, इतकी की चाल गुणगुणता यावी. मग तिची जोडीदार रचना लावावी आणि ती गुणगुणण्याचा प्रयत्न करावा. तोंड जिथे अडखळते तिथे पेन्सिलीने खूण करावी. 'डॉना ली' आणि 'ऑन द डीएल' यांवर मी हा प्रयोग केला तेव्हा कितीतरी स्वर ओळखीचे निघाले, पण प्रत्येक वाक्य माझ्या अपेक्षेच्या आधी किंवा नंतर पडत होते. पाऊण गतीवर लावून टाळी धरल्यावर लक्षात आले की ओळखीचाच माणूस अनोळखी चालीने चालत येतो आहे. ज्यांनी एखाद्या गवयाला एकच मुखडा दर वेळी वेगळ्या मात्रेवरून उचलताना ऐकले आहे, त्यांना यातली गंमत समजावून सांगावी लागणार नाही.

इथे साथीदारांकडेही कान द्यावा. मॅट मिचेल यांचा पियानो पार्श्वभूमी भरत नाही, तो ऑल्टोला अडवतो, आणि ट्रम्पेटवर ॲडम ओफॅरिल आहेत. मधूनमधून 'बर्ड कॉल्स' याच नावाचे, क्रमांक दिलेले छोटे तुकडे येतात. ते गाळू नयेत, श्वास घेण्याच्या जागा त्याच आहेत.

सापळा: 'बर्ड कॉल्स' नावाची चार्ल्स मिंगस यांचीही एक जुनी रचना आहे. तीही ऐकण्यासारखी आहे, पण ती ही नव्हे.

४. 'किन्समेन': दोन ऑल्टो वेगळे करावेत

आता मी जिथे आपटलो होतो तिथे परत यायचे.

महंतप्पा बर्कलीत शिकत असताना त्यांच्या भावाने थट्टेत त्यांना कद्री गोपालनाथ यांचे 'सॅक्सोफोन इंडियन स्टाइल' हे ध्वनिमुद्रण भेट दिले. थट्टा उलटली, आणि काही वर्षांनी दोघांनी एकत्र काम केले. गोपालनाथ (निधन २०१९) यांनी म्हैसूरच्या राजवाड्यातील बँडमध्ये हे वाद्य ऐकले होते. कर्नाटक गमक निघावेत म्हणून त्यांनी त्यात फेरफार केले आणि आयुष्यभर त्यावर कर्नाटक संगीतच वाजवले. 'किन्समेन'मध्ये ए. कन्याकुमारी यांचे व्हायोलिन, पूवलूर श्रीजी यांचे मृदंगम्, रेझ अब्बासी यांची गिटार, आणि बेस व ड्रम अशी साथ आहे.

दोघेही ऑल्टोच वाजवतात, म्हणून पहिले काम दोघांना वेगळे करण्याचे. खूण अशी: ज्या ऑल्टोचा स्वर क्वचितच स्थिर उभा राहतो, एका स्वरातून दुसऱ्यात घसरत, आंदोलत, गळ्यासारखा फिरत जातो, तो गोपालनाथ यांचा. ज्याचे स्वर सुटे, ठोकून बसवलेले आणि टोकदार आहेत, आणि जो मधेच चौकटीबाहेरचा स्वर मुद्दाम दाबून धरतो, तो महंतप्पा यांचा. 'गणेशा' ही रचना या अभ्यासाला चांगली आहे. दोघे एकत्र चाल वाजवताना फरक जवळजवळ मिटतो, आणि उपज सुरू होताच दोन घराणी समोरासमोर बसल्यासारखी दिसू लागतात. मी वहीत 'क' आणि 'म' अशी अक्षरे मांडत गेलो. पहिल्या दिवशी निम्मी चुकली असावीत, दहाव्या दिवशी लिहिण्याची गरज उरली नाही.

मुख्य रचनांच्या मध्ये एकेका वादकाचे छोटे आलाप ठेवले आहेत. ते आधी सुटे ऐकावेत, म्हणजे प्रत्येकाचा आवाज कानात बसतो.

'कल्याणी' नावाची रचना लागताच आपला कान 'यमन!' असे म्हणणार, आणि ते चूकही नाही, कारण कर्नाटक संगीतातील कल्याणी म्हणजे आपला यमनचा थाट. पण इथेच थांबायचे असते. नि-रे-ग, म-ध-नि अशी आपली चलने शोधू लागलात तर पुन्हा माझ्यासारखे चौथ्या मिनिटाला बंद कराल. कल्याणी इथे साहित्य म्हणून आली आहे, नियम म्हणून नाही. महंतप्पा तिच्या स्वरांवर उभे राहतात, बाहेर पाऊल टाकतात, बाहेरचा स्वर आपल्याला टोचेपर्यंत धरतात आणि मग परततात. दुसऱ्या पायरीवर ज्यांना 'मुद्दाम बाहेर वाजवलेले' म्हटले ते स्वर हेच. आविर्भाव-तिरोभाव ऐकणाऱ्या माणसाला ही कल्पना परकी नाही, फक्त इथे तिरोभाव फार लांबवर जातो.

५. तबला ऐकून हुरळून जाऊ नये

'आप्ती' हे महंतप्पा, रेझ अब्बासी आणि डॅन वाइस यांच्या त्रिकुटाचे ध्वनिमुद्रण. त्रिकुटाचे नाव 'इंडो-पाक कोअलिशन'. डॅन वाइस हे अमेरिकन ड्रमवादक असून त्यांनी पंडित समीर चॅटर्जी यांच्याकडे तबल्याची दीर्घ तालीम घेतली आहे. 'आप्ती'त ते तबल्यावर आहेत, 'अग्रिम'मध्ये तबला आणि ड्रम दोन्हींवर.

तबल्याची थाप ऐकली की आपण घरी आलो असे वाटते आणि आपण तीनतालाचे खण मोजू लागतो. तसे करू नये. इथला तबला पुष्कळदा ठेका देण्याऐवजी ऑल्टोबरोबर चालीचेच वजन वाजवतो. समेची जागा चालीतून शोधावी, तबल्याच्या बोलांतून नव्हे. एवढी एक गोष्ट सांभाळली तर हे ध्वनिमुद्रण आपल्या श्रोत्याला सर्वांत जवळचे वाटेल. माझ्या आईने, जिला सॅक्सोफोन म्हणजे वरातीतला बँड एवढेच माहीत, 'पालिका मार्केट' ही रचना स्वयंपाकघरातून ऐकून 'हा तिहाई घेतोय का रे?' असे विचारले होते.

सापळा: रोमन लिपीतील शीर्षकांनी घोटाळा होतो. 'आप्ती' म्हणजे संस्कृत आप्ति, प्राप्ती, 'आपटी' नव्हे. २०११ च्या 'संधी' या ध्वनिमुद्रणाचे रोमन स्पेलिंग 'समधी' असेही वाचता येते, आणि मी काही दिवस त्याचा संबंध व्याह्यांशी लावत होतो. २०१३ चे 'गमक' शोधताना तर गळ्याच्या गमकांचे असंख्य धडे आधी येतात. वादकाचे नाव जोडून शोधावे.

६. 'मदर टंग', थोडक्यात

अमेरिकेत वाढणाऱ्या भारतीय वंशाच्या माणसाला 'तुम्ही इंडियन बोलता का, हिंदू बोलता का' असे प्रश्न विचारले जातात. महंतप्पा यांनी हे प्रश्न वेगवेगळ्या मातृभाषांच्या माणसांसमोर ठेवले, त्यांची उत्तरे ध्वनिमुद्रित केली आणि बोलण्यातले चढउतार स्वरलिपीत उतरवून त्यांवर रचना बांधल्या. बऱ्याच रचनांची नावे भाषांचीच आहेत: कन्नड, गुजराती, तमीळ, आणि कोंकणीही. गोव्यातल्या आणि मालवणातल्या वाचकांनी 'कोंकणी' लावून आपल्या बोलण्याचा हेल त्यात सापडतो का ते पाहावे. पियानोवर विजय अय्यर आहेत.

गोव्याचा उल्लेख आलाच आहे तर एक सांगतो. सॅक्सोफोनवर राग आणि जॅझ एकत्र आणण्याचे काम गोव्याचे ब्राझ गोन्साल्विस यांनी महंतप्पा यांच्या कितीतरी आधी केले होते. त्यांची ध्वनिमुद्रणे हाती लागली तर सोडू नयेत, मात्र ती या क्रमात मिसळू नयेत, कारण दोघांचे प्रश्न वेगळे आहेत.

७. परत पहिल्या ध्वनिमुद्रणाकडे

साधारण तीन महिन्यांनी 'हीरो ट्रायो' पुन्हा लावावे. त्यात पार्कर यांच्या 'रेड क्रॉस' आणि 'ड्यूई स्क्वेअर' या रचना आहेत. या वेळी वही बंद ठेवावी आणि बोटाऐवजी पायाने मोजावे. आवर्तनाचा पहिला बार पायाला आपोआप कळला, तर पुढचे काय ऐकायचे ते इथून कोणी सांगण्याची गरज नाही. कळला नाही, तर दुसऱ्या पायरीवरच्या खणांच्या तीन ओळी पुन्हा काढाव्यात. माझ्या वहीत अशी अकरा पाने आहेत, आणि शेवटच्या पानावर सहाव्या खणाशी पेन्सिलीचे टोक मोडल्याची खूण अजून दिसते.